‘ॲनिहिलेशन’ आणि ‘उच्छेद’ : एका इंग्रजी क्रियापदाचा धम्मदृष्ट्या विचार

नालासोपाऱ्यातील एका विहारात दर रविवारी पालीचा प्राथमिक वर्ग भरतो. काही महिन्यांपूर्वी त्या वर्गात ब्रह्मजाल सुत्तातील बासष्ट मिथ्यादृष्टींचा परिचय करून देत असताना ‘उच्छेदवाद’ हा शब्द आला. इंग्रजी ग्रंथांत या शब्दाचे भाषांतर ‘ॲनिहिलेशनिझम’ असे करतात, हे सांगून प्रस्तुत लेखक पुढे जाणार, तोच महाविद्यालयात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने शंका विचारली. ती म्हणाली, “सर, भगवंतांनी ॲनिहिलेशनिझम नाकारला असेल, तर बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाला ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे नाव कसे दिले? तथागतांनी जे नाकारले तेच बाबासाहेबांनी स्वीकारले, असे कोणी म्हटले तर आपण काय उत्तर द्यायचे?”

शंका वरवर पाहता केवळ शब्दाची वाटते. परंतु तिचे उत्तर शोधू लागलो की एका इंग्रजी क्रियापदाचा इतिहास, पाली त्रिपिटकातील एक महत्त्वाचा संवाद, आणि जातीविषयी आपण आज नेमके काय करीत आहोत हा प्रश्न, या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून त्या विद्यार्थिनीला वर्गात थोडक्यात दिलेले उत्तर येथे विस्ताराने मांडीत आहे.

शब्दाची घडण आणि वापर

‘ॲनिहिलेट’ हे क्रियापद इंग्रजीत लॅटिन भाषेतून आले. लॅटिनमध्ये ‘आद्’ म्हणजे ‘कडे’ किंवा ‘प्रत’, आणि ‘निहिल’ म्हणजे ‘काहीही नाही’. या दोहोंच्या संयोगातून बनलेल्या क्रियापदाचा शब्दशः अर्थ होतो ‘काहीही नाही या अवस्थेप्रत नेणे’, म्हणजेच शून्यत्वास पोहोचविणे. उच्चाराविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. या शब्दाच्या लेखनात ‘एच्’ हे अक्षर असले तरी इंग्रजीत त्याचा उच्चार होत नाही. शब्दकोशांत दिलेला उच्चार ‘अनायलेट’ असा आहे. मराठीत मात्र अक्षरे पाहून ‘ॲनिहिलेशन’ असे लिहिण्याचा प्रघात पडला आहे आणि तोच वाचकांच्या परिचयाचा असल्याने या लेखात तो कायम ठेवला आहे.

मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मपंडितांच्या लेखनात ही कल्पना ‘निर्मिती’च्या विरुद्ध टोकाची म्हणून येते. ज्याने शून्यातून सृष्टी निर्माण केली, तोच ती पुन्हा शून्यात नेऊ शकेल काय, अशी ती चर्चा असे. पुढे हे क्रियापद युद्धाच्या वर्णनात रुळले. शत्रूचे सैन्य पराभूत झाले, पांगले किंवा माघारी गेले, तर हे क्रियापद वापरीत नाहीत; सैन्य म्हणून त्याचे अस्तित्वच उरले नाही, तेव्हाच ते वापरतात. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आणि तारायंत्र आले, तेव्हा या साधनांनी अंतर ‘ॲनिहिलेट’ केले, असे इंग्रज लेखक लिहू लागले. विसाव्या शतकात पदार्थविज्ञानानेही हा शब्द घेतला. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांस भेटले की दोन्ही कण नाहीसे होतात व त्यांच्या जागी गामा किरणांच्या रूपाने ऊर्जा प्रकट होते. या घटनेस ‘ॲनिहिलेशन’ म्हणतात. येथे कण उरत नाहीत, परंतु ऊर्जा नष्ट होत नाही, ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने हे क्रियापद सकर्मक आहे. कोणी तरी कशाला तरी ‘ॲनिहिलेट’ करतो. ‘काय’ नष्ट केले, हे सांगितल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. दुसरे असे की पूर्णत्वाचा भाव या क्रियापदाच्या पोटातच असल्याने त्यास ‘थोडेसे’ किंवा ‘काही अंशी’ ही विशेषणे शोभत नाहीत. अर्धे शून्य असे काही नसते. या दोन्ही गोष्टी, म्हणजे कर्माची अपेक्षा आणि पूर्णत्व, आपल्या विषयास फार महत्त्वाच्या आहेत.

शेजारची क्रियापदे आणि मराठी प्रतिशब्द

शब्दाचा अर्थ नीट कळण्यासाठी त्याचे शेजारी पाहावे लागतात. इंग्रजीत ‘नष्ट करणे’ या अर्थाची अनेक औपचारिक क्रियापदे आहेत आणि प्रत्येकाचे क्षेत्र निराळे आहे.

‘अबॉलिश’ हे कायद्याचे क्रियापद आहे. प्रथा, पद, कर, हक्क, संस्था यांची मान्यता ज्या कृतीने काढून घेतली जाते ती कृती म्हणजे ‘अबॉलिशन’. गुलामगिरी ‘अबॉलिश’ झाली, जमीनदारी ‘अबॉलिश’ झाली, असे म्हणतात. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १७ मध्ये अस्पृश्यतेसंबंधी हेच क्रियापद योजले आहे. संविधान सभेने या तरतुदीस २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मान्यता दिली. महाराष्ट्रातील वाचकांस आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. ज्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२० च्या दशकापासून लढा दिला, ते वतन अखेर १९५८ च्या ‘मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन’ कायद्याने संपुष्टात आले. मराठीत आपण ‘निर्मूलन’ म्हणतो, पण त्या कायद्याच्या इंग्रजी नावात शब्द आहे ‘अबॉलिशन’.

‘इरॅडिकेट’ या क्रियापदात ‘रॅडिक्स’ म्हणजे ‘मूळ’ हा लॅटिन शब्द आहे. मुळासकट उपटून काढणे हा त्याचा अर्थ. देवी रोगाचे जगातून उच्चाटन झाले असे आपण म्हणतो, तेथे इंग्रजीत हे क्रियापद येते. आपला ‘निर्मूलन’ हा शब्द घडणीने याच क्रियापदाशी जुळतो. ‘एक्स्टर्मिनेट’ या क्रियापदात ‘टर्मिनस’ म्हणजे ‘सीमा’ हा शब्द आहे; मूळ अर्थ सीमेबाहेर हाकलणे. आपला ‘उच्चाटन’ हा शब्द अर्थाने याच्या जवळचा, कारण उच्चाटन म्हणजे जागेवरून हुसकावून लावणे.

‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या शीर्षकासाठी मराठीत ‘निर्मूलन’, ‘उच्चाटन’, ‘विध्वंसन’, ‘उच्छेद’ असे निरनिराळे शब्द योजले गेले. चळवळीत ‘जात्यंत’ हाही शब्द रूढ झाला. यांपैकी एकही शब्द चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. परंतु प्रत्येकाची छटा वेगळी आहे. निर्मूलनात मूळ उपटण्याची, उच्चाटनात हुसकावण्याची, विध्वंसनात पाडून टाकण्याची, उच्छेदात तोडण्याची, तर अंतात शेवट गाठण्याची कल्पना आहे. उपटलेले मूळ दुसरीकडे रुजू शकते. हुसकावलेला परत येऊ शकतो. पाडलेली भिंत पुन्हा बांधता येते. ‘ॲनिहिलेट’ मध्ये परतीची वाट ठेवलेली नाही.

ज्या संस्थेसाठी हे भाषण लिहिले गेले, तिच्या नावाशी हे क्रियापद ताडून पाहणे उद्बोधक आहे. संतराम यांनी १९२२ साली लाहोर येथे स्थापन केलेल्या त्या संस्थेचे नाव ‘जात-पात तोडक मंडळ’ असे होते. मंडळाच्या नावातले क्रियापद ‘तोडणे’ हे आहे. मंडळाने १९३६ च्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी बाबासाहेबांना निमंत्रण दिले. भाषणाचा मजकूर पाहिल्यावर मात्र मंडळाच्या चालकांना तो पेलवेना. त्याच वर्षीच्या एप्रिलमधील पत्रव्यवहारात मंडळाच्या वतीने जो आक्षेप घेतला गेला, त्यात ‘ॲनिहिलेशन’ हाच शब्द आला आहे. परंतु त्याचे कर्म बदललेले आहे. भाषणाच्या अखेरच्या भागात हिंदू धर्माच्या ॲनिहिलेशनची चर्चा आहे आणि ती अप्रस्तुत आहे, अशी ती तक्रार होती. बाबासाहेबांनी मजकुरात स्वल्पविरामाचाही बदल करण्यास नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि मे १९३६ मध्ये त्यांनी स्वखर्चाने १५०० प्रती छापून भाषण प्रसिद्ध केले. त्या प्रती दोन महिन्यांत संपल्या. तोडण्यास तयार असलेली मंडळी ॲनिहिलेशनच्या उंबरठ्यावर थबकली, असे या प्रसंगाचे वर्णन केल्यास वावगे ठरू नये.

उच्छेदवाद आणि तथागत

आता मूळ शंकेकडे वळू. बुद्धकाळी मरणोत्तर अवस्थेविषयी दोन टोकाची मते प्रचलित होती. आत्मा शाश्वत आहे असे मानणारे ते सस्सतवादी. विद्यमान जीव मरणाबरोबर समूळ नष्ट होतो, मागे काहीच राहत नाही, असे मानणारे ते उच्छेदवादी. ब्रह्मजाल सुत्तात उच्छेदवादाचे सात प्रकार सांगितले आहेत, आणि सामञ्ञफल सुत्तात अजित केसकंबलीच्या मुखी याच मताचे प्रतिपादन येते. या मताचा परिणाम असा की दानाला अर्थ नाही, सत्कर्माला व दुष्कर्माला फळ नाही, नीतीला आधार नाही. म्हणून तथागतांनी ते नाकारले.

तरीही खुद्द तथागतांवर उच्छेदवादी असल्याचा आरोप होत असे. विनयपिटकाच्या पाराजिक विभागाच्या आरंभीच वेरंज नावाच्या ब्राह्मणाशी झालेला संवाद आहे. तोच अंगुत्तर निकायाच्या आठव्या निपातातही आढळतो. वृद्ध ब्राह्मणांना श्रमण गोतम अभिवादन करीत नाही, आसन देत नाही, म्हणून रुष्ट झालेला वेरंज एकामागून एक दूषणे देतो. त्यांतील एक दूषण ‘उच्छेदवादी’ हे आहे. तथागत ते दूषण झिडकारीत नाहीत. ते म्हणतात की एका अर्थाने मला उच्छेदवादी म्हणता येईल, कारण मी राग, द्वेष व मोह यांच्या आणि नाना प्रकारच्या अकुशल धर्मांच्या उच्छेदाचा उपदेश करतो. परंतु तुला अभिप्रेत असलेला अर्थ तो नव्हे. सिंह सेनापतीशी झालेल्या संवादातही हेच उत्तर येते.

या उत्तरातील युक्ती व्याकरणाची आहे. क्रियापद तेच ठेवून तथागतांनी कर्म बदलले. कोणाचा उच्छेद? विद्यमान प्राण्याचा नव्हे. राग, दोस आणि मोह यांचा. ‘ॲनिहिलेट’ हे क्रियापद कर्माची अपेक्षा ठेवते, असे वर म्हटले ते याचसाठी. उच्छेद हा शब्द स्वतः चांगला नाही आणि वाईटही नाही. त्याचे कर्म काय यावर सर्व अवलंबून आहे.

वेरंजाची चूक पुढे युरोपीय पंडितांनीही केली. एकोणिसाव्या शतकात निब्बान म्हणजे ॲनिहिलेशन, म्हणजे माणसाचे शून्य होणे, असा समज युरोपात प्रबळ होता. चिल्डर्स यांनी १८७५ साली पूर्ण केलेल्या आपल्या पाली कोशात ‘निब्बान’ या शब्दावर प्रदीर्घ टिपण लिहून याच मताची बाजू घेतली. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी मात्र निब्बान ही याच जीवनात साधावयाची नैतिक अवस्था असल्याचे प्रतिपादन केले. संयुत्त निकायात सारिपुत्त निब्बानाची व्याख्या रागाचा, दोसाचा आणि मोहाचा क्षय अशी करतात, हे पाहिले की वादाचा निकाल कोणत्या बाजूने लागतो हे स्पष्ट होते.

बाबासाहेबांना हा सर्व वाद अवगत होता. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडात त्यांनी सस्सतवादी आणि उच्छेदवादी या दोन मतांची मांडणी करून बुद्ध ॲनिहिलेशनिस्ट होते काय, असा प्रश्न स्वतःच उपस्थित केला आहे. आत्मा न मानणारा उच्छेदवादी असणार, असे सहज वाटते. पण मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्ताचा आधार घेऊन ते दाखवितात की हा आरोप तथागतांनी खोटा म्हणून नाकारला. पुढे ते ऊर्जा नष्ट होत नाही या वैज्ञानिक सिद्धांताचा आधार घेतात. कण नाहीसे होतात पण ऊर्जा उरते, हे वर दिलेले पदार्थविज्ञानातील उदाहरण येथे आठवावे.

तेव्हा त्या विद्यार्थिनीच्या शंकेचे पहिले उत्तर असे : तथागतांनी माणसाचा उच्छेद नाकारला आणि अकुशलाचा उच्छेद शिकविला. बाबासाहेबांच्या शीर्षकातही ॲनिहिलेशनचे कर्म माणूस नाही. कर्म ‘जात’ आहे. बाबासाहेब व तथागत यांच्यात येथे विरोध नाही.

‘अनभावं गमेति’ : पालीतील जुळता शब्दप्रयोग

उत्तर येथे संपत नाही. लॅटिन क्रियापदाशी घडणीने जुळणारा एखादा शब्दप्रयोग पालीत आहे काय, याचा शोध घेता मज्झिम निकायातील सब्बासव सुत्ताकडे लक्ष जाते. आसव क्षीण करण्याचे सात मार्ग त्यात सांगितले आहेत. त्यांतील सहावा मार्ग ‘विनोदन’ हा आहे. मनात उत्पन्न झालेल्या कामवितर्क, व्यापादवितर्क आणि विहिंसावितर्क यांचे भिक्षूने काय करावे, हे सांगताना तेथे चार क्रियापदे चढत्या क्रमाने येतात. ‘पजहति’ म्हणजे सोडतो. ‘विनोदेति’ म्हणजे दूर सारतो. ‘ब्यन्तीकरोति’ म्हणजे त्याचा अंत करतो. आणि शेवटी ‘अनभावं गमेति’ म्हणजे संपूर्ण अभावाप्रत नेतो. ‘आद्’ आणि ‘निहिल’ यांतून जे लॅटिन क्रियापद बनले, त्याचेच जणू हे पाली रूप आहे. दोन्ही भाषांत ‘नेणे’ आहे आणि दोन्हींत पोहोचण्याचे ठिकाण ‘अभाव’ हे आहे.

या चार पायऱ्या जातीच्या संदर्भात तपासून पाहाव्यात. जातीचा व्यवसाय सोडला, गाव सोडले, ही पहिली पायरी. जातीचा अभिमान किंवा न्यूनगंड दूर सारला, ही दुसरी. कायद्याने व आंदोलनाने अस्पृश्यतेचा अंत घोषित केला, ही तिसरी. चौथी पायरी म्हणजे जातीची कल्पनाच मनात उत्पन्न न होणे.

चौथ्या पायरीचे स्वरूप समजावण्यासाठी त्रिपिटकात ताडाची उपमा पुनःपुन्हा येते. वसई-विरार परिसरातील वाचकांस ताड नवा नाही. सागाचे झाड बुंध्यापाशी तोडले तरी पुढल्या पावसाळ्यात खोडाला फुटवे येतात. ताडाचे तसे नाही. ताडाला वाढीचा एकच कोंब असतो आणि तो शेंड्यात असतो. शेंडा छाटला की ते झाड पुन्हा वाढत नाही. म्हणून क्षीण झालेल्या आसवांना शेंडा छाटलेल्या ताडाची उपमा दिली जाते. उलट धम्मपदाच्या तण्हावग्गात, मूळ शाबूत असलेले झाड तोडले तरी पुन्हा वाढते, तसे तृष्णेचा अनुशय उरला तर दुःख पुन्हा उद्भवते, असा दृष्टांत आहे.

कायद्याची ‘अबॉलिशन’ ही सागाची तोड आहे. ती अत्यावश्यक आहे, तिच्यावाचून उजेडच पडत नाही. परंतु मूळ जागेवर राहिले तर फुटवे येतात. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा, १९७६ साली त्याचे नागरी हक्क संरक्षण कायद्यात झालेले रूपांतर, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, असे एकामागून एक कायदे करावे लागले, याचे कारण फुटवे येत राहिले हेच होय.

जात कोठे राहते?

जातीचा कोंब कोठे आहे, याचे उत्तर बाबासाहेबांनी १९३६ सालीच देऊन ठेवले होते. जात ही विटांची भिंत नाही किंवा काटेरी तारेचे कुंपणही नाही. ती एक धारणा आहे, मनाची एक अवस्था आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणून भौतिक अडथळा दूर करून ती जात नाही. सहभोजनाने ती जाणार नाही. आंतरजातीय विवाह हा खरा उपाय आहे, पण लोक तो करीत नाहीत याचे कारण त्यांच्या मनावर शास्त्रांच्या पावित्र्याची पकड आहे. ती श्रद्धा नष्ट केल्याशिवाय कृती बदलणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधाच्या शीर्षकात त्यांनी जातीची यंत्रणा, उत्पत्ती व विकास हे शब्द योजले होते. तेथे वर्णन होते. वीस वर्षांनंतरच्या शीर्षकात कृती आली, आणि ती कृती मनोमय वस्तूवर करावयाची होती. म्हणूनच ‘अबॉलिश’ हे कायद्याचे क्रियापद शीर्षकास पुरले नसते.

मनातील वस्तू नाहीशी करावयाची तर तिच्या जागी काय येते, हाही प्रश्न उद्भवतो. मज्झिम निकायातील वितक्कसण्ठान सुत्तात अकुशल वितर्क घालविण्याचे पाच उपाय आहेत. त्यांतील पहिल्या उपायाला सुताराची उपमा आहे : कुशल सुतार बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो, तसे कुशल विचाराने अकुशल विचार घालवावा. बाबासाहेबांनीही त्या भाषणात केवळ नाश सांगितला नाही. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर आधारलेला समाज हा आपला आदर्श असल्याचे सांगितले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी जी दीक्षा दिली, तिच्यातील बावीस प्रतिज्ञांत नकाराबरोबर स्वीकारही आहे.

याचा एक प्राचीन दाखला आपल्या सोपाऱ्याच्याच मातीत सापडला आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन केले आणि त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे त्यांना मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी सापडला. आठव्या लेखाचा आशय असा की पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत. देवानंपिय राजाने त्यांच्या जागी धम्मयात्रा सुरू केली. नवव्या लेखात आजारपण, लग्न, जन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक जी निरर्थक मंगले करतात त्यांच्या जागी धम्ममंगल सांगितले आहे, आणि त्यात दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन हे पहिले आहे. जुन्या खुंटीच्या जागी नवी खुंटी ठोकण्याचाच हा प्रकार आहे.

आपल्या घरातील फुटवे

येथवरचे विवेचन वाचून कोणासही वाटेल की जातीची ही धारणा इतरांच्या मनात आहे आणि बदलावयाचे ते इतरांनीच. परंतु क्रियापदाचे पूर्णत्व आपल्याला सूट देत नाही. वसई-विरार हा कोकणातून आलेल्या आणि घाटावरून आलेल्या बौद्ध कुटुंबांचा एकत्र वस्तीचा परिसर आहे. एकाच विहारात वंदना होते, एकाच मिरवणुकीत जयंती साजरी होते. मात्र मुलीसाठी स्थळ पाहावयाची वेळ आली की ‘कोकणातले की घाटावरचे?’ हा प्रश्न हळूच विचारला जातो. साडेबारा पोटजातींची जुनी गणती ज्यांनी १९५६ साली सोडली, त्यांच्या काही घरांत ती नातवंडांच्या विवाहाच्या वेळी पुन्हा आठवते. मातंग, चर्मकार किंवा अन्य समाजातून धम्मात आलेल्या कुटुंबाशी सोयरीक करताना पाऊल आणखी अडखळते. हा सागाचा फुटवा आहे. तो आपल्याच अंगणात आहे म्हणून त्यास ताड म्हणता येणार नाही.

यावर उपाय काय, याचे उत्तर शोधताना सोपाऱ्याच्याच एका प्राचीन रहिवाशाची आठवण होते. उदान ग्रंथाच्या पहिल्या वग्गात बाहिय दारुचीरियाची कथा आहे. तो सुप्पारक येथे समुद्रतीरी राहत असे. सुप्पारक म्हणजे आजचे सोपारा, हे विद्वन्मान्य आहे. लोक आपल्याला मान देतात म्हणून आपण अर्हत आहोत असे त्यास वाटू लागले होते. तो भ्रम दूर झाल्यावर तो सावत्थीस गेला आणि भिक्षाटन करीत असलेल्या तथागतांना त्याने उपदेशाची याचना केली. तथागतांनी दिलेल्या संक्षिप्त उपदेशाचा आशय असा : पाहिले त्यात पाहिले तेवढेच असावे, ऐकले त्यात ऐकले तेवढेच असावे, मनाने त्यात आपली भर घालू नये. हाच दुःखाचा अंत, असे तेथे सांगितले आहे.

या सुत्तात जातीचा उल्लेख नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. येथे केलेला विनियोग प्रस्तुत लेखकाचा आहे. परंतु जात कशी घडते, याचा अनुभव घेऊन पाहावा. आपण एखादे आडनाव ऐकतो. कानावर आलेले असते ते केवळ नाव. त्याच क्षणी मन त्यात गाव घालते, वस्ती घालते, पोटजात घालते, उच्चनीचता घालते. ऐकलेल्यात जी भर पडली, ती जात. ती बाहेर नव्हती; मनाने घातली. मनोमय वस्तूचा अंत त्याच जागी होऊ शकतो जेथे ती उत्पन्न होते. आडनाव ऐकले आणि आडनावच ऐकले, माणूस पाहिला आणि माणूसच पाहिला, तर त्या एका क्षणापुरती जात ‘अनभावं’ गेली. असे क्षण वाढवीत नेणे ही भावना आहे, म्हणजेच ध्यानाचा व आचरणाचा अभ्यास आहे. आणि त्याचे पहिले परीक्षास्थळ विहारात नसून घरातील सोयरिकीच्या बैठकीत आहे.

गेल्या रविवारी त्या विद्यार्थिनीला हे सर्व सांगितल्यावर तिने वहीत ‘ॲनिहिलेट’ या शब्दापुढे ‘अनभावं गमेति’ असे लिहून घेतले. नंतर तिने विचारले, “सर, मग या क्रियापदाचा कर्ता कोण?” कर्म जात आहे, हे आपण पाहिले. पण सकर्मक क्रियापदाला कर्ताही लागतो. शीर्षकात बाबासाहेबांनी तो लिहिलेला नाही. १९३६ साली त्यांनी ते भाषण लाहोरच्या सुधारकांसमोर ठेवले, आणि ते कर्ता होण्यास तयार झाले नाहीत. १९५६ साली त्यांनी स्वतः ते कर्तृत्व पत्करले आणि आपल्यास सोबत घेतले. तेव्हापासून ती जागा आपल्यासाठी मोकळी आहे. ती भरणे हेच आपल्या प्रत्येकाचे काम आहे.